गादीच्या पोटात काय आहे, हे बनवणाऱ्याने सांगायला नको का?

मुठाकाठ · शनिवार, सकाळी ८:४०

२५ जुलै २०२४ ला पहाटे पुण्यात सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं होतं, ते इथल्या अनेकांना आठवत असेल. आम्ही तेव्हा तिथे तळमजल्यावर राहत होतो. अंगावरच्या कपड्यांनिशी वरच्या मजल्यावर गेलो, बाकी सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर डबलबेडची गादी चौघांनी ओढत बाहेर आणली. दहा दिवस झाले तरी ती वाळेना, वास मारायला लागली. शेवटी नवऱ्याने कटरने खोळ फाडली.

ही गादी आम्ही २०१९ मध्ये ३८,००० रुपयांना घेतली होती. सासूबाईंची कंबर धरते म्हणून मुद्दाम चांगली घेतली. दुकानात सांगितलं होतं, "आठ इंच, नॅचरल लॅटेक्स, पंधरा वर्षं बघायला नको." खोळीवर हिरवं पान छापलेलं होतं. आत निघालं ते असं: सगळ्यात वर इंचभर सच्छिद्र पांढरा थर, तो कदाचित लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम, असेल. त्याखाली पाच इंचांचा रंगीबेरंगी ठोकळा, गुलाबी-हिरव्या-पिवळ्या फोमचे तुकडे एकत्र चिकटवलेला, त्यात एक कापडाची चिंधीसुद्धा. आणि तळाला दोन इंच तो पांढरा चिवट थर, जो नवीन टीव्हीच्या खोक्यात येतो.

पाच वर्षं आम्ही त्यावर झोपलो. पाठ दुखली नाही, खड्डा पडला नाही. मग राग कशाचा, असं नवरा विचारतो. राग याचा की मी पैसे एका वस्तूचे दिले आणि घरी दुसरीच वस्तू आली. बिल शोधलं तर त्यावर फक्त "मॅट्रेस, १ नग". म्हणजे भांडायलाही काही हातात नाही.

आता नवीन घरी नवीन गादी घ्यायची आहे. गेल्या रविवारी चार दुकानं फिरले. चारही ठिकाणी "आत नक्की काय आहे" विचारल्यावर "ऑर्थो", "लक्झरी", "प्रीमियम" हीच उत्तरं. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापतात, मग ज्यावर माणूस आयुष्याचा तिसरा हिस्सा काढतो त्यावर का नाही? तुमचे अनुभव सांगा, आणि गादी घेताना नेमकं काय विचारायचं तेही सांगा.

पेठकर · शनिवार, सकाळी ९:२५

ताई, पुरात गादी गेल्याचं वाचून १९६१ आठवलं. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी शाळेत होतो, आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत. निम्म्या गाद्या चिखलाने गेल्याच. उरलेल्यांचा कापूस आईने धुऊन गच्चीवर वाळवला आणि पिंजाऱ्याला बोलावून पुन्हा भरून घेतला. त्या गाद्यांवर आम्ही पुढे कितीतरी वर्षं झोपलो.

तेव्हा पिंजारी खांद्याला धुनकी, म्हणजे कापूस पिंजायचं तारेचं धनुष्य, अडकवून दारोदार फिरायचे. त्या तारेचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आई जुन्या गाद्या काढायची. अंगणात चादर पसरून त्यावर कापूस पिंजायचा, काडीकचरा, सरकी वेगळी काढायची, मग खोळीत भरून टाके घालायचे. एका माणसाच्या गादीला दहा-बारा किलो कापूस लागायचा. आई पूर्ण वेळ पायरीवर बसून असायची, कारण चांगल्या कापसात जुनापुराणा मिसळणारेही होतेच. म्हणजे त्या काळी सगळे सज्जन होते असं मी म्हणत नाही. पण माल डोळ्यांसमोर उघडा असायचा. आता खोळ कारखान्यातूनच शिवून बंद होऊन येते. पायरीवर बसून लक्ष ठेवणारी आई आता कुठून आणायची?

शेवंती · शनिवार, सकाळी ९:५०

पेठकरकाका, शेवटचं वाक्य फार पटलं. +१

अनुस्वार · शनिवार, सकाळी १०:३०

मी थोडा विरोधी सूर लावतो. तुम्ही स्वतःच म्हणता की पाच वर्षं पाठ दुखली नाही. वस्तू काम करत होती. गिऱ्हाईक झोप विकत घेतं, रसायनशास्त्र नाही. उद्या खोळीवर "पॉलियुरेथेन, घनता ३२" छापलं तर दहांतल्या नऊ जणांना त्यातून काय कळणार? उलट घाबरतील. आणि गादीवर पाच मिनिटं आडवं होऊन बघता येतंच की.

मुठाकाठ · शनिवार, सकाळी १०:४५

अनुस्वार, पाच मिनिटांत फक्त वरचे दोन इंच कळतात. खालचे सहा इंच तीन वर्षांनी कळतात. आणि कळणार नाही म्हणून सांगायचंच नाही, हे मला मान्य नाही. औषधाच्या पट्टीवरचंही मला सगळं कळत नाही, पण ज्याला कळतं त्याला मी दाखवू शकते.

फोमकाका · शनिवार, दुपारी १२:१५

फोमच्या कारखान्यात उत्पादन विभागात माझी सव्वीस वर्षं गेली, आता निवृत्त, चिंचवडला असतो. कंपनीचं नाव घेणार नाही, पण आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे ताईंना दुकानात विचारता येईल.

तुमच्या गादीतला रंगीबेरंगी ठोकळा म्हणजे बॉन्डेड फोम. फोमचे मोठे ठोकळे कापताना जो कातर निघतो तो बारीक करून, चिकटद्रव्य लावून, वाफेने दाबून पुन्हा ठोकळा करतात. त्याला नावं ठेवू नका. तो घट्ट असतो, दबत नाही, खालच्या थराला उत्तम. शिवाय तो कातर कचऱ्यात जात नाही. मात्र कातर कुठला, यावर सगळं आहे. कारखान्यातला स्वच्छ कातर वेगळा आणि भंगारात आलेल्या जुन्या सोफ्यांचा फोम वेगळा. तुमच्या गादीत चिंधी सापडली, त्यावरून मला दुसऱ्याचीच शंका येते.

तळाचा पांढरा चिवट थर ईपीई, म्हणजे फुगवलेलं पॉलिथिन. पॅकिंगचाच माल. वजनाला अगदी हलका, उंची वाढवायला स्वस्त. सारखा दाब पडून तो बसतो आणि पुन्हा उठत नाही. आठ इंची गादीत दोन इंच ईपीई घातलं की उरते ती सहा इंची गादी, पैसे मात्र आठ इंचांचे.

साधा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, फोम पॉलिऑल आणि आयसोसायनेट यांच्या अभिक्रियेतून होतो. त्यात पाणी घातलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कणकेसारखं फुगतं. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोमध्ये. २८, ३२, ४० हे आकडे दुकानात ऐकता ते हेच. बॉन्डेड ८०-१०० पर्यंत जातो. घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुकानदारही गोंधळून सांगतात. जास्त घनतेचा फोम मऊही करता येतो. घनतेवरून तो किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो, कडकपणावरून झोपताना कसं वाटेल ते कळतं.

आता घरी करण्याजोगी परीक्षा. दुकानदाराकडून फोमचा नमुना मागा आणि बरोबर १० सेंटिमीटर लांब, रुंद, उंच तुकडा कापा. तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम भरेल तितकी त्याची घनता. ३२ सांगितली असेल तर ३२ ग्रॅम. हिशेब सोपा आहे, तो तुकडा घनमीटरचा हजारावा भाग असतो.

पण इथेही एक पळवाट आहे, आणि त्यासाठीच हा प्रतिसाद लिहायला बसलो. फोम ओतताना त्यात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची भुकटी घालता येते. वजन वाढतं, काटा ४० दाखवतो, पण खरा फोम ३० च्याच लायकीचा असतो आणि लवकर बसतो. हे घरी पकडता येत नाही. प्रयोगशाळेत जाळून राख तोलतात. घरी चुकूनही जाळून बघू नका, पीयूच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतात. म्हणून अनुस्वार, "गिऱ्हाइकाने बघून घ्यावं" हे एका मर्यादेपर्यंतच ठीक आहे. भुकटी घातली आहे की नाही हे फक्त घालणाऱ्याला माहीत असतं. ते त्यानेच सांगायला हवं.

शेवंती · शनिवार, दुपारी १२:४०

काका, १० सेंटिमीटरची युक्ती सोन्यासारखी आहे. बहिणीलाही पाठवली.

वाकडतिकडे · शनिवार, दुपारी १:०५

आता पुण्यात जोडपी गादी घ्यायला जाताना पर्समध्ये काटा घेऊन जाणार. दुकानदार विचारेल, "भाजी कुठली हवी?" :)

मूळ मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. लॅटेक्सबद्दलही कुणी लिहा ना. आमच्याकडे "शंभर टक्के नॅचरल" सांगून दिलेली आहे.

फोमकाका · शनिवार, दुपारी १:३०

नैसर्गिक लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, आपल्याकडे मुख्यतः केरळातला. कृत्रिम लॅटेक्स पेट्रोलियमपासून बनतं. दोन्ही मिसळूनही गादी करतात आणि ती वाईट नसते, फक्त तिची किंमत वेगळी असायला हवी. नुसत्या हाताने दाबून फरक कळणं अवघड. अस्सल नैसर्गिक लॅटेक्समध्येही गंधक, झिंक ऑक्साइड वगैरे घालावंच लागतं, नाहीतर चिकाचा टिकाऊ फोम होत नाही. म्हणून "शंभर टक्के" शब्द ऐकला की मी पुढचा प्रश्न विचारतो: वरचा थर शंभर टक्के की सगळी गादी? बहुतेक वेळा तिथेच उत्तर अडखळतं.

मणका · शनिवार, दुपारी २:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूडला. "ऑर्थोपेडिक" शब्दावर माझा जुना राग आहे. रोज कुणीतरी येऊन सांगतं, "मॅडम, ऑर्थोपेडिक गादी घेतली तरी पाठ थांबत नाही." गादीवर हा शब्द छापण्याआधी कुठल्याही अस्थिरोगतज्ज्ञाची परीक्षा पास व्हावी लागत नाही. मालाच्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच की गादी कडक आहे, आणि ती कडक बहुधा बॉन्डेडमुळे असते.

कडक म्हणजे पाठीला चांगली हेही सरसकट खरं नाही. २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता, जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर. कडक गादीवाल्यांपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. तेव्हा सासूबाईंसाठी घेताना दगडासारखी घेऊ नका. त्या कुशीवर झोपत असतील तर खांदा आणि कुल्ला थोडा आत जाईल इतकी मऊ वरची बाजू हवी.

आणखी एक. काहींना रबराच्या लॅटेक्सची ॲलर्जी असते. रबरी हातमोज्यांनी हात सुजणारे रुग्ण मी पाहिले आहेत. अशा माणसाला आत लॅटेक्स आहे की नाही हे आधी कळायलाच हवं. "आहे" म्हणून नसणं ही फसवणूक, आणि न सांगता असणं हा त्याच्या तब्येतीशी खेळ.

शेवंती · शनिवार, दुपारी ३:१०

मणकाताईंनी तब्येतीचं काढलं म्हणून लिहिते. मुलीच्या खोलीत नवीन गादी आली त्या रात्री तिला खोकल्याची उबळ आली. तिला बालदमा आहे. गादीला रंगाच्या दुकानात येतो तसा वास होता. त्याच गादीमुळे झालं असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, पावसाळाही होता. पण डॉक्टरांनी विचारलं, आत काय आहे? म्हणून कंपनीला फोन केला. तीन वेळा फोन इकडून तिकडे फिरवला आणि शेवटी उत्तर मिळालं, "मॅडम, ती माहिती गोपनीय असते."

मी त्यांच्याकडे कृती मागत नव्हते. कुठला फोम, कुठला गोंद, एवढंच विचारत होते. आठ वर्षांच्या मुलीच्या नाकाखाली रात्रभर जे असतं ते तिच्या आईपासून गोपनीय कसं? दोन आठवडे गादी गॅलरीत उभी करून ठेवली, मग वास गेला. तोवर ती आजीच्या गोधडीवर झोपली, आणि शांत झोपली.

टाकाधागा · शनिवार, दुपारी ३:३५

अवांतर: गोधडीचा विषय निघाला म्हणून. आमच्या आजीच्या गोधडीतला प्रत्येक तुकडा कुणाचा ते तिला पाठ होतं. ही आत्याच्या लुगड्याची, हे आजोबांचं धोतर. घटकांची यादी तोंडपाठ! :)

दुकानमालक · शनिवार, सायंकाळी ५:००

सकाळपासून वाचतोय. माझं पुण्यात गाद्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. दुकानदारांना झोडपून झालं असेल तर आमचंही ऐका.

एक तर आम्हालाही कंपनी पूर्ण सांगत नाही. माहितीपुस्तिकेत थरांचं रंगीत चित्र असतं, थरांना इंग्रजी नावं असतात, "कम्फर्ट लेअर", "सपोर्ट कोअर". तो सपोर्ट कोअर बॉन्डेड की ईपीई, हे मला गादी उसवून बघावं लागतं. मी बघतो, सगळे बघत नाहीत. दुसरं, तीच गादी थोडा कापडाचा रंग बदलून वेगवेगळ्या दुकानांना वेगवेगळ्या नावाने देतात, म्हणजे तुम्हाला भावाची तुलना करता येऊ नये. यात दुकानदार खूश असतात हे खरं आहे, मी नाकारत नाही.

तिसरी गोष्ट जिव्हाळ्याची आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी मी ठरवलं की बिलावर प्रत्येक थर लिहायचा. "एक इंच लॅटेक्स, पाच इंच बॉन्डेड." गिऱ्हाईक वाचायचं, म्हणायचं "एकच इंच?" आणि समोरच्या दुकानात जायचं. तिथे "पूर्ण लॅटेक्स" ऐकून तीच गादी चार हजार जास्त देऊन घ्यायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सहा महिन्यांत धंदा इतका पडला की बायको म्हणाली, तुमचा खरेपणा आपल्याला परवडणार नाही. मी लिहिणं बंद केलं. आजही कुणी विचारलं तर खरं सांगतो, पण स्वतःहून लिहून देत नाही, आणि ते मनाला लागतं.

म्हणून एकट्यादुकट्याला "प्रामाणिक राहा" सांगून भागत नाही. सगळ्यांना एकच लेबल सक्तीचं करा. मग जो खरं लिहितो तो मरणार नाही.

मुठाकाठ · शनिवार, सायंकाळी ५:२०

दादा, मनापासून लिहिलंत, आभार. समोरच्या दुकानात गेलेलं ते गिऱ्हाईक २०१९ मध्ये मीही असू शकले असते.

अनुस्वार · शनिवार, सायंकाळी ५:४५

दुकानमालकांचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललं. लेबल वाचणारे कमी असतील, पण लेबल नसल्यामुळे खरं बोलणाऱ्याचं नुकसान होतं, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. फक्त छोट्या कारागिरांवर कागदपत्रांचं ओझं नको.

नारळीबाग · शनिवार, रात्री ८:१५

न्यू जर्सीतून लिहिते, माहेर सदाशिव पेठ. इथे प्रत्येक गादीला एक पांढरी कापडी पट्टी शिवलेली असते. त्यावर आत काय भरलंय ते वजनाच्या टक्केवारीने लिहावं लागतं: पॉलियुरेथेन फोम इतके टक्के, पॉलिस्टर इतके टक्के. माल नवा आहे की वापरलेला हेही लिहावं लागतं. कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या, घाणेरड्या चिंध्या भरून गाद्या विकल्या जायच्या, त्यातून राज्याराज्यांत हे कायदे आले. "ही पट्टी काढणं दंडनीय आहे" असं त्यावर लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं घरी काढली तर पोलीस येतील. नियम विक्रेत्यासाठी आहे, गिऱ्हाइकाने खुशाल काढावी.

तरी इथेही सगळं आलबेल नाही. २००७ पासून इथे गाद्यांना आगीचं कडक मानक आहे. ते स्वस्तात पाळायला काही कंपन्यांनी आतल्या आवरणात काचतंतू वापरले. वरच्या खोळीला चेन, म्हणून लोकांनी धुवायला काढली आणि बारीक काचेचे तंतू घरभर पसरले. कपडे, गालिचे, वातानुकूलन यंत्र, सगळीकडे. अंगाला खाज, डोळ्यांची आग. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने सगळे कपडे टाकून दिले. कॅलिफोर्नियाने आता कायदा केला आहे, २०२७ पासून गाद्यांत असे काचतंतू चालणार नाहीत. पट्टीवर "ग्लास फायबर" लिहिलेलं असायचं, पण "खोळ काढू नका, आत काच आहे" असं ठळक कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा लेबल हवंच, पण थर कोणत्या क्रमाने आणि किती इंचांचे हे पण हवं. नुसत्या टक्केवारीतून ते कळत नाही.

पेठकर · शनिवार, रात्री ८:४०

आमच्या पिंजाऱ्याची गादी वर्षानुवर्षं उसवून धुतली, त्यात काच कधी निघाली नाही. सुई मात्र एकदा निघाली होती. :)

अशिलाचा_मित्र · रविवार, सकाळी ७:५०

कायद्याच्या बाजूने थोडं. मी पुण्यात वकिली करतो, ग्राहक आयोगाची कामं असतात.

"काहीच हातात नाही" असं मुठाकाठताई म्हणाल्या, ते पूर्ण खरं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता, दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही येतं. खोटं बोललंच पाहिजे असं नाही, गप्प बसणंही त्यात बसू शकतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० पासून आहे. ते उत्पादकाला १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत.

हिरव्या पानाबद्दल: ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आली. "नॅचरल", "ऑरगॅनिक" असे मोघम शब्द आधार आणि खुलासा दिल्याशिवाय वापरू नयेत, असं त्यात आहे. तुमची गादी त्याआधीची, पण नवीन घेताना हा मुद्दा दुकानात काढा.

तक्रार आता तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. गादी २०१९ ची आहे, पण आत काय आहे ते २०२४ मध्ये कळलं, हा युक्तिवाद करता येईल. आयोग मानेल की नाही ते कागदपत्रांवर आहे. आणि तुमच्या बिलावर "१ नग". तिथेच केस लंगडी पडते. निदान १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा, फाडलेल्या गादीचे फोटो असतील तर जपून ठेवा.

ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये याच शहरात बिंदुमाधव जोशींनी सुरू केली. पुण्याच्या गिऱ्हाइकाने बिलावर चार ओळी जास्त मागितल्या तर ते इथल्या परंपरेला धरूनच आहे.

वाकडतिकडे · रविवार, सकाळी ९:००

वकीलसाहेब, म्हणजे सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बिलावर लिहून घेणं?

अशिलाचा_मित्र · रविवार, सकाळी ९:१०

हो. दुकानदाराने नकार दिला तर तोच तुमच्या प्रश्नाचा जबाब समजा आणि बाहेर पडा.

दुकानमालक · रविवार, सकाळी ९:४०

या धाग्यावर लिहितो आणि पाळतो: उद्यापासून माझ्या बिलावर थर पुन्हा लिहायला सुरुवात करतो. बायकोला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, आता विचारणारी माणसं तरी आहेत, बघू.

कचरावेचक_समर्थक · रविवार, सकाळी ११:३०

एका बाजूकडे कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून लिहितो. जुनी गादी जाते कुठे? नदीकाठी, ओढ्यात, पुलाखाली फुगून पडलेल्या गाद्या तुम्ही पाहिल्या असतील. आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या "स्वच्छ" या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना विचारलं तर म्हणाल्या, कापसाची गादी असली तर कापूस कामाला येतो, निव्वळ फोम असला तरी भंगारवाला घेतो, पण एकावर एक चिकटवलेलं, आत काय ते माहीत नसलेलं कुणी घेत नाही. लेबल असतं तर निदान वेगळं काय करायचं ते कळलं असतं. ज्या ओढ्यानाल्यांत या गाद्या अडकतात त्यांचंच पाणी पुढच्या पावसात आपल्या घरात येतं, हे मुठाकाठताईंना मी सांगायला नको.

अनुस्वार · रविवार, दुपारी १२:१०

हे मात्र थेट लागलं.

मुठाकाठ · पुढच्या रविवारी, सायंकाळी ६:३०

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

फोमकाका, मणकाताई, वकीलसाहेब यांचं मिळून वहीत लिहून नेलं: वरून खाली थर कोणते, प्रत्येक किती इंच, प्रत्येकाची घनता किती, बॉन्डेडचा कातर कुठला, भुकटी घातली आहे का, खोळ उघडून दाखवाल का, आणि हे सगळं बिलावर लिहून द्याल का. पहिल्या दुकानात तिसऱ्या प्रश्नाला "मॅडम, तुम्ही कंपनीतून आलात का?" दुसऱ्या दुकानात खोळ उघडायला ठाम नकार. तिसऱ्या दुकानात एक वयस्कर काका होते. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "बसा, चहा घेऊ, एकेक सांगतो."

त्यांनी खोळीची चेन उघडून थर दाखवले. वरच्या फोमचा आणि बॉन्डेडचा तुकडा कापून दिला. घरी येऊन काट्यावर ठेवला. वरचा ४० सांगितला होता, भरला ३९ ग्रॅम. बॉन्डेड ९० सांगितला, भरला ९१. भुकटीबद्दल त्यांनी सरळ सांगितलं की बॉन्डेडमध्ये कातर मिश्र असतो, त्याची हमी मी देत नाही, वरच्या फोमची देतो. हे "देत नाही" ऐकून मला जास्त विश्वास वाटला.

मंगळवारी गादी घेतली. ७८ बाय ६० इंच, सहा इंच जाड: खाली चार इंच बॉन्डेड, वर दोन इंच मऊसर फोम. १७,५०० रुपये. बिलावर पाच ओळी, खाली सही-शिक्का. फोमकाका, मी हिशेब केला होता, दोन्ही थर मिळून साधारण ३४ किलो यायला हवेत. माणसं गादी वर घेऊन आली तेव्हा आधी भाच्याच्या जिममधल्या काट्यावर ठेवली. खोळ धरून ३६.

म्हणजे शेवटी मी पुन्हा बॉन्डेडच घेतला. नवऱ्याने हसून तेच म्हटलं. सासूबाईंनी बिल दोनदा वाचलं आणि विचारलं, "बॉन्डेड म्हणजे गं काय?" मी त्यांना तो रंगीत तुकडा हातात देऊन सांगितलं. त्यांनी तो दाबून पाहिला, म्हणाल्या, "म्हणजे फोमची गोधडी." तुकडा आता त्यांच्या उशाशी आहे. चार रात्री झाल्या, झोप लागते म्हणतात.

जुन्या गादीची १९१५ वर नोंद केली आहे. पुढे काही झालं तर इथेच लिहीन.

फोमकाका · रविवार, सायंकाळी ७:०५

३९ म्हणजे खरा माल. एका ग्रॅमचा फरक कापण्यातला असेल. त्या दुकानदार काकांना माझा नमस्कार सांगा.

शेवंती · रविवार, सायंकाळी ७:२०

मुठाकाठ, दुकान कुठलं ते व्यक्तिगत निरोपात कळव ना. मुलीच्या खोलीची बदलायची आहे.

मुठाकाठ · रविवार, सायंकाळी ७:२५

कळवलं. वही लागली तर तिचाही फोटो पाठवते.